ठिपक्यांची भाकर

आमच्या नव्या पाळकांना माझ्याकडून एक भाषण हवंय. गेल्या आठवड्यात ते घरी आले, चहा घेतला, पायाशी बसलेल्या मांजरीचं कौतुक केलं आणि मोबाईल काढून विषय वाचून दाखवला: रोजच्या जीवनात ख्रिस्ताचा स्वभाव. कापणीच्या सणाची उपासना झाली की प्रीतिभोजनाच्या आधी थोडा वेळ बोलायचं. "मावशी, तुम्ही सगळ्यात जुन्या. काही गोड आठवणी सांगा ना, यंग लोकांना प्रेरणा मिलेगी." मुलगा मनाने चांगला आहे, म्हणून मी त्याला काही बोलले नाही. पण माझी ऐंशी उलटली आहे, आणि गोड आठवणी मागायला येणाऱ्यांचा मला आताशा राग येतो.

ते गेले आणि मी भाजी घ्यायला दारात आले. हातगाडीवर भरताची वांगी होती, हिरवी, पांढुरक्या रेघांची, हाताला गार लागणारी. मार्गशीर्ष लागला की बऱ्हाणपुरात ही वांगी येतात, आणि घराघरातून ती भाजल्याचा वास सुटतो. आता तो गॅसवर भाजल्याचा असतो. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचा वास वेगळाच. त्या वासाबरोबर माझ्या नाकात दरवर्षी एक जुना कापणीचा सण येतो, आणि तो काही केल्या गोड लागत नाही.

मी तेव्हा नवी सून. जळगावकडून लग्न होऊन इथे आलेली आणि मुलींच्या शाळेत शिकवणारी. घरात माझे यजमान, मामंजी आणि आत्याबाई, म्हणजे सासूबाई. मामंजी तहसील कचेरीत कारकून होते आणि आमच्या चर्चच्या मंडळीच्या पंचांपैकी एक. धिप्पाड, पांढऱ्या कपड्यांतले, आवाज असा की त्यांनी भजन उचललं की पेटीवाल्याने गप्प बसावं. आत्याबाई त्यांच्या खांद्याएवढ्या. मंडळीत त्यांचं काम एकच, सणाच्या भाकरीचं पीठ मळायचं. बाकी कशात त्या तोंड घालत नसत, निदान त्या सणापर्यंत तरी.

त्या भाकरीबद्दल सांगायला हवं, कारण आता ती कुणालाच माहीत नाही. आमच्यात तेव्हा मुठीची पद्धत होती. घरातली बाई स्वयंपाकाला पीठ काढायची तेव्हा आधी एक मूठ देवाच्या डब्यात टाकायची. कुणाकडे ज्वारी, कुणाकडे बाजरी, कुणाकडे मका. जरा बऱ्या घरी गहू, आणि खानदेशी घरांतून उडीद घालून दळलेला कळणा. सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, सगळ्या जणी आपापले डबे घेऊन देवळात, म्हणजे चर्चमध्ये, यायच्या आणि एका मोठ्या धुतल्या चादरीवर ओतायच्या. त्या मिसळलेल्या पिठाची भाकरी करडी व्हायची, तिच्यावर मक्याचे पिवळे आणि उडदाच्या सालीचे काळे ठिपके. दिसायला काही खास नाही, आणि थापताना चिरायचीही फार. पण वर्षातून एकदा मंडळीतला प्रत्येक जण प्रत्येकाच्या घरचं खायचा. तिला नावच होतं, मंडळीची भाकर. लग्नानंतर पहिल्यांदा मी ती खाल्ली तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "नीट चाव वो सूनबाई. कुणाच्या घरची कच निघंल, नेम नाही."

दिवस मोठ्या उलथापालथीचे होते. राज्यांची नवी मांडणी नुकतीच झाली होती. मराठी जिल्हे एकीकडे गेले, आम्ही बऱ्हाणपूरकर इकडे मध्य प्रदेशातच राहिलो. मामंजींच्या कचेरीतले कागद हिंदीत आले, शाळेत मुलांना काय शिकवायचं यावर रोज वाद. तो वाद देवळातही शिरला. उपासना मराठीत की हिंदीत? काही जण म्हणायचे, आमची प्रार्थना आमच्या बोलीतच. काही म्हणायचे, राज्य हिंदी झालं, देवाला काय फरक पडतो. त्या सगळ्यात मामंजींनी एकीवर जी भाषणं केली ती अजून मला आठवतात. शरीर एक, अवयव अनेक. कोणी परका नाही. बोलताना त्यांचा गळा दाटून यायचा, ऐकणाऱ्यांचाही यायचा. शेवटी एक रविवार मराठी, एक रविवार हिंदी असं ठरलं आणि सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. मीही रडले होते. आज त्या रडण्याचीच मला चीड येते.

कारण त्याच वर्षी उन्हाळ्यात चंदाबाईचा बाप्तिस्मा झाला होता. चंदाबाई नगरपालिकेत होती. गावातल्या संडासांतला मैला डोक्यावरच्या टोपलीत घालून गावाबाहेर नेणं, हे तिचं काम. नवरा वारलेला, पदरात रत्ना नावाची सहा-सात वर्षांची मुलगी. मायलेकी हिंदी बोलायच्या. रविवारी अंगाला लिंबाचा पाला चोळून आंघोळ करून यायच्या आणि दाराजवळच्या चटईवर बसायच्या. तिथे बस असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मात्र पुढे ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. उपासनेनंतर शेकहँड व्हायचे तेव्हा लोक तिला लांबूनच नमस्कार करायचे आणि फार प्रेमाने हसायचे. तसलं हसू मला आता दुरूनच ओळखू येतं.

मुठीची पद्धत तिला आत्याबाईंनी सांगितली होती. तिने त्याच संध्याकाळपासून डबा ठेवला. हे मला रत्नाने शाळेत सांगितलं. आई कधी आपल्याला कमी पडलं तरी देवाची मूठ चुकवत नाही म्हणाली. पोरीला त्याचा अभिमान होता आणि थोडा रागही. भूक लागल्यावर तिने एकदा त्या डब्यात हात घातला, तेव्हा आईने हात धरला होता.

त्या शनिवारी देऊळ सजत होतं. दापोऱ्याहून बैलगाडीतून केळीची आख्खी झाडं आली होती, घडांसकट. ती दाराच्या दोन्ही बाजूंना बांधली. वेदीपुढे ज्वारीची कणसं, लाल भोपळे, कापसाच्या बोंडांची टोपली. चंदाबाई काम उरकून, आंघोळ करून सगळ्यांच्या आधी आली. चादर अंथरलेली होती. तिने डबा ओतला, बूड थोपटून शेवटचा कणही झाडला आणि पायरीवर जाऊन बसली. मग बाकीच्या आल्या आणि एकेक डबा त्यावरच ओतत गेल्या. ढीग चांगला गुडघ्याएवढा झाला. आणि जाताना कुणाची तरी नजर पायरीवर गेली. चंदाबाई पदराने आपला रिकामा डबा पुसत होती.

बस्स. तेवढंच घडलं होतं.

रविवारी पहाटे आत्याबाई आणि मी पीठ मळायला गेलो तर चादर धुऊन तारेवर वाळत घातलेली, आणि ओट्यावर दुकानातून आणलेली ज्वारीच्या पिठाची पोती. मामंजी तिथेच उभे होते. म्हणाले, "रात्री पिठात पाल पडली. सगळं फेकावं लागलं. राजघाटावर नेऊन तापीत सोडलं, माशांच्या तोंडी तरी लागंल." आत्याबाई हळहळल्या. सगळ्यांच्या वर्षाच्या मुठी! पण पाल पडलेलं पीठ कोण खाणार? आम्ही दोघींनी पदर खोचले आणि मळायला लागलो. भाकरी सुरेख होत होत्या, पांढऱ्याशुभ्र, एकही चिरत नव्हती. मला तर बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्या दिवशी उपासनेत पाच भाकरी आणि दोन माशांची गोष्ट होती. वाचली मामंजींनी. माणसाला इतकी तरी लाज असावी की त्या दिवशी घसा बसल्याचं सोंग करावं आणि पाठ दुसऱ्याला द्यावा. पण नाही. खणखणीत आवाजात वाचली. लोक आमेन म्हणाले.

पंगत आवारात बसली, केळीच्या पानांवर. भरीत, भाकरी, कांद्याची पात, मुळा, आणि गोडाला बऱ्हाणपूरचा दराबा, साजूक तुपात फेसून फेसून हलका केलेला. मी भरीत वाढत होते, आत्याबाई भाकरी. पंगतीच्या टोकाला चंदाबाई आणि रत्ना. चंदाबाईने भाकरी हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली. तिने मंडळीची भाकर याआधी कधी पाहिलेलीच नव्हती. ती करडी असते, तिच्यावर ठिपके असतात, हे तिला कसं माहीत असणार? तिने एक तुकडा मोडून रत्नाला दिला आणि म्हणाली, "खा बेटा. इसमें अपना भी है."

ती हळू बोलली नव्हती. आनंदात माणूस हळू बोलत नाही. आसपासच्यांनी ऐकलं आणि सगळ्या माना पानावर झुकल्या.

आत्याबाईंना ते ऐकून वाईट वाटलं. त्या टोपलं घेऊन वाकल्या आणि समजुतीने म्हणाल्या, "नही गं चंदा. ये वो आटा नही है. उसमें रात को छिपकली गिरी, तो सबका फेकना पडा."

चंदाबाईने वर पाहिलं. आधी आत्याबाईंकडे, मग पंगतीकडे. इतक्या माना खाली. पालीसाठी कुणी मान खाली घालत नाही. अशा खाली गेलेल्या माना तिने जन्मभर पाहिल्या होत्या, डोक्यावर टोपली घेऊन गल्लीतून जाताना. तिला कळायला वेळ लागला नाही. ती उठून उभी राहिली आणि समोर मामंजी बसले होते त्यांना तिने विचारलं, "बाबूजी, वो छिपकली मैं थी क्या?"

आत्याबाई सरळ झाल्या. त्यांनी मामंजींकडे पाहिलं आणि विचारलं, "अहो, पाल पडली होती का नही? सीधं सांगा." मामंजी भरताकडे पाहत राहिले. "मी तुम्हाले पूसते. काबरं फेकलं पीठ?"

"तू चूप राह्य," ते दबक्या आवाजात म्हणाले. "पंगतीत तमाशा नको." मग चंदाबाईकडे वळून, त्याच दाटलेल्या गळ्याने, ज्याने ते एकीवर बोलायचे: "देखो बहन, कुछ लोग अभी कच्चे हैं. मंडळी फुटू नये म्हणून करना पडा. तुम दिल में मत रखो. माफ कर दो. यही तो ख्रिस्त का स्वभाव है."

चंदाबाई म्हणाली, "माफी माँगी किसने, बाबूजी?"

तिने थोडा वेळ वाट पाहिली. खरंच वाट पाहिली ती, एकेका चेहऱ्याकडे बघत, कुणी मागतंय का म्हणून. मग तिने पान दुमडलं, रत्नाचा हात धरला आणि केळीची झाडं बांधलेल्या त्या दारातून बाहेर गेली. रत्नाच्या दुसऱ्या हातात तो भाकरीचा तुकडा तसाच होता.

मला अजूनही त्या वाक्याचाच सगळ्यात जास्त संताप आहे, यही तो ख्रिस्त का स्वभाव है. पीठ फेकणं मी एकवेळ समजू शकते, भित्री माणसं घाण कामं करतातच. पण फेकून वर ख्रिस्ताचा स्वभाव तिच्याच पदरात बांधायचा! नम्र कुणी व्हायचं? तिने. सोसायचं कुणी? तिने. विसरायचं कुणी? तिनेच. आणि आम्ही काय करायचं, तर तिला तसं व्हायला शिकवायचं. ख्रिस्ताने कुष्ठरोग्याला हात लावला, तो आमच्या वाट्याचा स्वभाव होता. जेवायला बसताना तो कुणाच्या घरी बसतोय याचा विचार करत नसे, तोही आमच्या वाट्याचा. मंदिरात जाऊन त्याने सराफांचे चौरंग उलथले, तो राग तर कुणी वाटून घ्यायलाच तयार नाही. उरली फक्त गालावर चापट खाण्याची गोष्ट, ती मात्र आम्ही अगदी उदारपणे चंदाबाईला दिली.

आणि हे करणारी आम्ही होतो तरी कोण? आमच्यापैकी बहुतेकांचे आजोबा कुणाच्या तरी ओट्याखाली उभे राहून वरून ओतलेलं पाणी ओंजळीने प्यायलेले. मामंजींचे वडील विहिरीवरून हाकलले गेले म्हणून या देवळात आले होते. ही गोष्ट मामंजी स्वतः सांगायचे, डोळे पुसत सांगायचे. त्यांच्या एकाही अश्रूवर मी अविश्वास दाखवत नाही. ते रडायचे आपल्या बापासाठी, आणि पायरीवर बसलेली बाई त्यांना दिसायची नाही.

त्या संध्याकाळी आत्याबाई एकट्या चंदाबाईच्या वस्तीत गेल्या. परतल्या तेव्हा पदराच्या गाठीत काहीतरी बांधलेलं होतं. चुलीशी बसून त्यांनी गाठ सोडली, मूठभर पीठ निघालं. ते आमच्या पिठात मिसळून त्यांनी भाकरी थापली आणि मामंजींच्या ताटात वाढली. म्हणाल्या, "मी माझ्यापुरती माफी मागून आले. हे चंदाच्या घरचं पीठ हाय. खायचं तर खा, नही तर तापी तिकडं हाय."

मामंजींनी ताटाकडे पाहिलं. मग खाल्लं. पुढे आत्याबाईंनी रिवाजच पाडला. आठवड्याला चंदाबाईच्या डब्यातली मूठ आमच्याकडे यायची, आमची तिच्याकडे जायची. मामंजी मरेपर्यंत ती भाकरी खात राहिले. रत्नाला शाळेत त्यांनीच टिकवलं, नर्सिंगला पाठवताना स्टेशनवर सोडायलाही गेले. नाताळला चंदाबाईला लुगडं द्यायचे. सगळं केलं. पण ते दोन शब्द कधी म्हटले नाहीत, ना तिला, ना मंडळीपुढे. आमचे यजमान म्हणायचे, अगं, खाल्लं तीच त्यांची माफी. मी तेव्हाही भांडले होते, आजही भांडेन. खाणं म्हणजे मागणं नव्हे. उपकार करताना माणूस वरच उभा असतो. माफी मागताना खाली उतरावं लागतं, आणि आमच्या पंचांना ती एक पायरी काही उतरता आली नाही. चंदाबाई रविवारी येत राहिली, दाराजवळच बसत राहिली. प्रीतिभोजनाला मात्र ती जन्मात पुन्हा आली नाही. आणि चादरीवर पीठ ओतण्याची पद्धत त्या वर्षीच बंद पडली, उगाच घोळ नको म्हणून.

आता बऱ्हाणपूर स्वतःच जिल्हा झालंय. सणाला कॅटरर असतो, रोट्या तंदूरच्या. चंदाबाई गेली त्यालाही वर्षं झाली. यंदा रत्ना येते आहे, खंडव्याहून, नोकरीतून निवृत्त होऊनही तिला वर्षं झाली. दोन दिवसांनी पाळक पुन्हा आले आणि मोठ्या उत्साहाने म्हणाले, "मावशी, कमिटीने ठरवलंय, रत्नाताईंचा सत्कार करू. शाल, मानचिन्ह. आपल्या मंडळीची मुलगी!"

मी म्हटलं, "शाल नंतर. आधी माफी."

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा चहा गार झाला. मग चाचरत म्हणाले, "पण मावशी, त्या वेळचं कोणीच जिंदा नाही. माफी मागायची कोणी?" मी विचारलं, देऊळ कुणी बांधलं? घंटा कुणी आणली? त्या लोकांच्या नावांची फरशी तुम्ही दर वर्षी पुसून घेता ना? देऊळ वारशात घ्यायचं, घंटा घ्यायची, आणि हे तेवढं त्यांच्याबरोबर पुरायचं, असं कसं चालेल? ते म्हणाले, कमिटीत ठेवतो. कमिटीत ते काय होणार हे मला ठाऊक आहे. विषय नाजूक आहे म्हणतील, आनंदाच्या दिवशी नको म्हणतील.

संध्याकाळी रत्नाचा फोन आला. तिला शालीचं कळलं होतं. हसली, पण नेहमीसारखी नाही. मग म्हणाली, "चाची, एक बात पूछूँ? उस दिन रोटी कैसी होगी? सफेद?"

मी फोन ठेवला आणि फळीवरून आत्याबाईंचा डबा काढला. दुसऱ्या दिवसापासून काठी टेकत मंडळीतल्या घरोघर जाते आहे. म्हणते, मूठभर पीठ द्या, जे असेल ते. मुली हसतात, पाकिटातलं देतात. एकीने बेसन दिलं, तेही घेतलं. पाळक काल स्वतः कळण्याचं पीठ दळून घेऊन आले. मी म्हटलं ना, मुलगा मनाने चांगला आहे.

भाकरी ठिपक्यांची होणार आणि ती मीच थापणार. चिरली तर चिरू दे. भाषण मात्र मी करणार नाही. पंगत बसली की रत्नाच्या पानापुढे जाऊन उभी राहीन आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिच्या आईची माफी मागेन. ज्यांना माझ्याबरोबर उभं राहायचं असेल त्यांनी राहावं. ती काय म्हणते ते तिचं ती ठरवील, तिला कुणी स्वभाव शिकवायचा नाही. आणि ती बोलेपर्यंत भाकरीला कुणी हात लावायचा नाही.